घडवणाऱ्याचे नाव दागिन्याबरोबर यावे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पानांवर दागिन्यांच्या जाहिराती वाढू लागतात आणि लग्नसराई सरेपर्यंत त्या काही ओसरत नाहीत. घडणावळीवर सवलत, जुन्या सोन्याच्या मोडीला जादा भाव, ठरावीक खरेदीवर चांदीचे नाणे, असा त्यांचा मजकूर आता वाचकांना पाठ झाला आहे. जाहिरातींशिवाय वृत्तपत्र चालत नाही, त्यामुळे माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. मात्र ज्यांना पूर्ण पान सोडाच, साधी चौकटही परवडत नाही, असे स्वतंत्रपणे दागिने घडवणारे लोक आपल्या गोव्यात आणि आसपास आहेत. आईसाठी, भाचीसाठी, मैत्रिणीसाठी किंवा स्वतःच्या हौसेसाठी काही वेगळे शोधणाऱ्या वाचकापर्यंत त्यांचे नावच पोहोचत नाही. त्यांना शोधावे कसे आणि शोधताना काय पारखावे, याविषयी काही निरीक्षणे आणि शेवटी एक विनंती, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘स्वतंत्र ब्रँड’ हे शब्द हल्ली फार सैलपणे वापरले जातात. नाजूक अक्षरांतले नाव, फिकट रंगाची डबी आणि मोबाइलवर दिसणारी सुबक छायाचित्रे एवढ्यावरून एखादे दुकान कुणा एका कलावंताचे असेल, असा आपला समज होतो. तो नेहमीच खरा नसतो. कॅरेटलेन हे नाव ऑनलाइन दागिन्यांतील नव्या पिढीचे म्हणून पुढे आले, पण 2016 मध्ये टायटन कंपनीने त्यातील बहुतांश हिस्सा विकत घेतला. टायटन म्हणजे तनिष्क चालवणारी कंपनी. यात लपवाछपवी काहीच नाही आणि तेथे खरेदी करण्यातही गैर नाही. फक्त आपण एखाद्या छोट्या घडवणाऱ्याला हातभार लावत आहोत, असे समजून ती खरेदी करू नये. उलट म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या बाजारात तीन पिढ्या एकाच पेढीवर बसणारे शेट, म्हणजे सोनार, स्वतःला कधी ब्रँड म्हणवत नाहीत, तरी स्वतंत्र या शब्दावर त्यांचा हक्क अधिक आहे. माझ्या मते कसोटी साधी आहे. नक्षी ठरवणारा, घडवणारा (किंवा समोर बसून घडवून घेणारा) आणि विकणारा यांच्यात अंतर किती, हे पाहावे. तेथे कानातल्याची फिरकी सैल झाली तर दुरुस्त होईल का, अंगठी एका मापाने वाढवून मिळेल का, असे विचारावे. घडवणारा माणूस लगेच हो किंवा नाही सांगतो आणि कारणही देतो. नुसता माल आणून विकणारा विषय बदलतो.

आता तरुण मंडळींच्या इच्छायादीविषयी. मनात भरलेल्या दागिन्यांची छायाचित्रे मोबाइलवर साठवून ठेवायची आणि वाढदिवस किंवा लग्न आले की ती यादी घरच्यांना पाठवायची, ही पद्धत आमच्या पिढीला मागितल्यासारखी वाटते. मला मात्र ती सोयीची वाटू लागली आहे. बारशाला बाळाला एकाच नमुन्याचे चांदीचे चार खुळखुळे आणि पाच जोड वाळे मिळालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळे कारण सांगायला नको. यादीने आहेर वाया जात नाही. पण नुसते छायाचित्र म्हणजे यादी नव्हे. त्यासोबत घडवणाऱ्याचे नाव हवे, धातू हवा आणि माप हवे. बांगडीचे माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे सांगतात; दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि तीन अष्टमांश, दोन-आठ म्हणजे अडीच इंच. कासार हाताकडे पाहून माप ओळखतो, पण दुसऱ्या गावाहून मागवलेल्या कड्याच्या बाबतीत ती सोय नसते आणि मापात बनवलेली वस्तू परत घेणे लहान विक्रेत्याला जड जाते. निकेलची ॲलर्जी असेल तर तेही यादीत लिहावे, कारण स्वस्त मिश्रधातूंत निकेल असते आणि कान सुजले की भेट डबीतच राहते.

या यादीतूनच उद्भवणारी एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. आवडलेल्या दागिन्याचे छायाचित्र घेऊन आपण सोनाराकडे जातो आणि ‘अगदी असेच करून द्या’ म्हणतो. ठुशी, वजरटीक, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, केसांत माळायची भांगराची (सोन्याची) फुलां या घडणी कुणा एकाच्या नाहीत. त्या परंपरेने सर्वांच्या आहेत आणि कोणत्याही शेटकडून त्या खुशाल घडवून घ्याव्यात. पण एखाद्या मुलीने माडाच्या झावळीची वीण किंवा जुन्या घराच्या खिडकीतील शिंपल्यांच्या तावदानांची रचना पाहून, कागदावर अनेकदा रेखाटून, मेणात साचा करून एक नवे कर्णफूल तयार केले असेल, तर त्याचे छायाचित्र दाखवून निम्म्या घडणावळीत नक्कल करून घेणे हे तिच्या कष्टांवर डल्ला मारणेच होय. डिझाइन्स कायदा, 2000 नुसार नोंदणी केलेल्या नक्षीला 10 वर्षे आणि नूतनीकरणानंतर आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. परंतु ही नोंदणी नक्षी प्रसिद्ध होण्यापूर्वीच करावी लागते, आणि वर्षाला पन्नास-साठ नवे नमुने करणाऱ्या एकट्या कारागिराला प्रत्येकासाठी अर्ज, शुल्क आणि वाट पाहणे कसे जमावे? कायदा असूनही त्याचा आधार त्याला फारसा मिळत नाही. उरते ती ग्राहकाची आणि सोनाराची सचोटी. छायाचित्र दाखवल्यावर ‘हे कुणाचे काम आहे, त्यांच्याकडूनच घ्या’ असे सांगणारे शेटही आहेत आणि त्यांचे मला कौतुक वाटते.

किमतीबाबतही थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लहान विक्रेत्याशी आपले बोलणे बहुधा तेथेच फिसकटते. सोन्याच्या दागिन्यात किमतीचा मोठा भाग धातूचा असतो, म्हणून दुकानात गेल्याबरोबर वजन विचारायची आपली सवय योग्यच आहे. तीच सवय आपण चांदीच्या, पितळेच्या किंवा मातीच्या दागिन्याला लावतो. तोळ्याचा भाव काढतो, भागाकार करतो आणि ‘चांदी तर एवढ्याचीच आहे’ म्हणून नाक मुरडतो. तारकामाचे एक पदक घ्या. चांदीची तार जंतरपट्टीतून ओढून बारीक करायची, दोन तारा पिळून चपट्या करायच्या, चिमट्याने वळवून चौकटीत भरायच्या आणि मग एकही वळण वितळू न देता डाक लावून सांधायचे, या कामाला चांदी थोडी आणि दिवस फार लागतात. त्याची किंमत तराजूवर ठरवणे अन्यायाचे आहे. मात्र विक्रेत्यानेही संपूर्ण रक्कम एका आकड्यात सांगून मोकळे होऊ नये. धातूचे वजन, खड्यांचे वजन, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी हे बिलात वेगवेगळे दाखवले तर ग्राहकाला आपण कष्टांचे पैसे देत आहोत हे कळते, आणि बहुतेकांना ते द्यायचेही असतात. दागिना पुढे मोडायची वेळ आली तर किती रक्कम परत मिळेल, हेही आधीच स्पष्ट असावे. मुलामा दिलेल्या वस्तूची जवळपास काहीच मिळत नाही. तसे सांगायला लाजण्याचे कारण नाही.

शुद्धतेच्या बाबतीत भावनेला जागा देऊ नये. देशात 16 जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क, म्हणजे शुद्धता तपासून दिलेला छाप, टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यावर प्रत्येक नगाची वेगळी ओळख सांगणारा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक आवश्यक ठरला. 22 कॅरेटवर 916, 18 कॅरेटवर 750, 14 कॅरेटवर 585 हे आकडे दिसतात. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक टाकला की हॉलमार्क करून घेणाऱ्या सराफाची नोंद, तपासणी केंद्र आणि शुद्धता कळते. घडवणाऱ्या कारागिराचे नाव तेथेही येत नाही, हे मला नेहमी खटकते. वर्षाला 40 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला आणि 2 ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. तेव्हा हॉलमार्क नाही म्हणजे फसवणूकच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पण दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून 40 लाखांत 400 ग्रॅम सोनेही येत नाही. सोन्यात नियमित काम करणारा त्या मर्यादेत फार काळ राहणे कठीणच. सूट असली तरी ग्राहकाच्या विश्वासासाठी नोंदणी करून घ्यावी, असे मी लहान पेढ्यांना सुचवेन. चांदीलाही 1 सप्टेंबर 2025 पासून एचयूआयडीसह हॉलमार्क ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध झाला आहे, आणि 925 हा शुद्धतेचा नुसता ठोकलेला आकडा आणि तपासून मिळालेला छाप यांतील फरक ग्राहकाने ओळखायला हवा.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. गोवा मुक्त होऊन जेमतेम वर्ष होत असताना, जानेवारी 1963 मध्ये, देशात सुवर्णनियंत्रण आले आणि 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घालण्यात आली. देशभर असंख्य सोनारांच्या पोटावर पाय आला; ती अट काही वर्षांत सैल झाली, तरी सुवर्णनियंत्रण कायदा पूर्णपणे रद्द व्हायला 1990 उजाडले. ज्या 14 कॅरेटला त्या काळी लोकांनी नाके मुरडली, त्याच 14 कॅरेटच्या नाजूक साखळ्या आज रोज कामावर घालता येतात म्हणून तरुण मुली यादीत टाकतात, आणि जुलै 2025 पासून तर 9 कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला आहे.

शोधायचे कोठे, याचे उत्तर आपल्या जवळच आहे. पणजीत कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे भरणाऱ्या लोकोत्सवात देशभरातील कारागीर स्वतः बसलेले असतात. तेथे दागिना घेण्यापेक्षाही कारागिराचे नाव, गाव आणि दूरध्वनी लिहून घेणे मोलाचे, कारण पुढल्या वर्षीची भेट त्याला थेट सांगता येते. पैंजण-जोडव्यांसाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी फार दूर नाही. कटकच्या रूपा तारकशीला, म्हणजे चांदीच्या तारकामाला, 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि अशा मानांकित कलांच्या अधिकृत वापरकर्त्यांची नोंद सरकारदरबारी होत असल्यामुळे खरा कारागीर शोधायला ती उपयोगी पडते. किनारी भागातील आठवडी आणि रात्रबाजारांत हाताने काम करणारे काही थोडे जण असतात आणि घाऊक माल मांडणारे पुष्कळ. एकाच नमुन्याचे डझनभर नग हुबेहूब सारखे दिसले तर काय समजायचे ते समजावे. तेथे शंख-शिंपले आणि प्रवाळाचे दागिने घेताना आणखी एक दक्षता हवी: त्यांतील काही जाती वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. करवंटीचे, मातीचे किंवा लाकडाचे दागिने घेताना ही चिंता नसते. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि परतीच्या अटी स्पष्ट असाव्यात, असे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हावे, अशीही तरतूद त्यांत आहे; दाद मागायला 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आता विनंती. आपल्या सणाच्या पुरवणीत दोन स्तंभांची जागा गोव्यातील लहान दागिने घडवणाऱ्यांच्या सूचीसाठी विनामूल्य द्यावी. तीत मोठी वर्णने नकोत. पेढीचे किंवा घडवणाऱ्याचे नाव, गाव, कोणत्या धातूत काम चालते, हॉलमार्क नोंदणी आहे की नाही, दुरुस्ती करतात का आणि मागणी दिल्यापासून किती दिवस लागतात, एवढे पुरे. माहिती त्यांच्याकडून लेखी मागवावी आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक पडताळावा, म्हणजे सूचीवर विसंबता येईल. डिचोलीपासून काणकोणपर्यंतच्या तालुक्यांतील वाचकांनी नावे सुचवली तर ती वाढतच जाईल. राज्य सरकारच्या हस्तकला महामंडळानेही आपल्या विक्री केंद्रांत प्रत्येक दागिन्याच्या चिठ्ठीवर कारागिराचे नाव छापावे. त्याला खर्च जवळजवळ येत नाही. सूची मात्र चवथीच्या निदान दीड महिना आधी प्रसिद्ध व्हावी. एकट्याने काम करणाऱ्याला एक जोड कुडी पूर्ण करायला आठवडा लागू शकतो, आणि सणाच्या तोंडावर आलेल्या सगळ्या मागण्या तो नाइलाजाने परत पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, फोंडा, गोवा