किती उरल्या?

चि. निनाद,

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुला दिलेल्या ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या गोळीबद्दल काल फोनवर मी तिसऱ्यांदा "स्ट्रिपमध्ये किती उरल्या?" असं विचारलं आणि तू वैतागलास. "तू माझी आई आहेस की कॅशियर?" म्हणालास. दोन्ही आहे रे. एकतीस वर्षं नोटा मोजतेय, हात आपोआप मोजतात. पण कालच्या प्रश्नाचा बँकेशी संबंध नव्हता. तू बोलता बोलता म्हणालास ना, "गुडघ्याचं सोड, ती गोळी घेतली की एकदम मस्त वाटतं, टेन्शनच जातं सगळं," ते ऐकून माझ्या हातातलं कुकरचं झाकण तसंच हातात राहिलं.

समोर बाबा पेपर वाचत बसले होते, त्यामुळे पुढचं बोलता आलं नाही. तसंही हे फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते.

मार्च २०१६ मध्ये, तुझ्या दहावीच्या परीक्षेत, मी स्टेशनच्या पुलावरून उतरताना पडले ते तुला आठवतं. शेवटच्या दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत. चूक माझीच, फोनवर बोलत होते. कमरेची गादी सरकली. पंधरा दिवस सुट्टी, मग पट्टा बांधून परत काउंटरवर. मार्चअखेर असताना बँकेत कोण कोणाला घरी बसू देतं? डॉक्टरांनी दहा दिवसांची गोळी लिहून दिली होती. ट्रॅमाडॉल, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक, ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५, दोन्ही एकाच गोळीत. सकाळ-संध्याकाळ एक. दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला या, असंही लिहिलं होतं. मी गेले नाही. मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवली, त्याने आणखी दोन स्ट्रिप दिल्या. पुढे पुढे चिठ्ठी दाखवायचीही गरज उरली नाही.

आता जे सांगतेय ते बाबा आणि डॉक्टर सोडून कोणाला सांगितलेलं नाही. ती गोळी मी कमरेसाठी घेत होते हे पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतंच खरं. गोळी घेतली की पाऊण तासात कंबर सैल पडायची आणि कमरेबरोबर बाकीचंही सैल पडायचं. काउंटरवर एखादं गिऱ्हाईक ओरडलं तरी मला त्याची कीव यायची. तुझ्या आत्याचे टोमणे ऐकू यायचे, पण टोचायचे नाहीत. घरी येऊन मी गाणी गुणगुणत पोळ्या लाटायचे. तू एकदा म्हणालाही होतास, "आई, हल्ली तू भारी मूडमध्ये असतेस." तो मूड स्ट्रिपमधून येत होता, बाळा.

मग दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या पाच. तेवढाच आराम मिळायला जास्त गोळ्या लागायला लागल्या. २०१८ उजाडेपर्यंत दिवसाला आठ. म्हणजे ३०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि वर २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ते लिव्हरच्या खात्यावर. पोट साफ व्हायचं नाही, रोज रात्री इसबगोल. अंगाला खाज, घाम. हे सगळं मी पाळी जाण्याच्या वयावर ढकललं. एका दुकानदाराला संशय यायला नको म्हणून तीन दुकानं धरली होती: एक घराजवळचं, एक स्टेशनकडचं, एक वर्तकनगरचं. घरात स्ट्रिप रव्याच्या डब्यात. तुला ती एकदा सापडली होती, आठवतंय? मी म्हटलं, तांदळात पाऱ्याच्या गोळ्या टाकतात ना किडीसाठी, तसंच हे. तू चक्क विश्वास ठेवलास आणि शिरा खाऊन क्लासला गेलास. आज हसू येतं, पण त्या दिवशी तू गेल्यावर मी ओट्याला धरून उभी होते.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी सरकारने ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मला याचा पत्ताही नव्हता. मे महिन्यात घराजवळच्या दुकानदाराने हात वर केले, "मॅडम, आता नवीन चिठ्ठीशिवाय नाही देता येणार." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. वर्तकनगरवाल्याने तर ओळखही दाखवली नाही. नंतर समजलं की त्याच्या आधीही ही गोळी शेड्यूल एच-वन मध्येच होती. म्हणजे दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहायचं, आणि ते तीन वर्षं जपायचं. स्ट्रिपवरची लाल चौकट त्याचसाठी असते. आमच्या बँकेत दहा रुपयांच्या फाटक्या नोटेचीही नोंद होते, आणि दोन वर्षांत माझं नाव एकाही रजिस्टरमध्ये नव्हतं. त्यांना दोष देऊन मी सुटत नाही. कोणी रजिस्टर काढलं असतं तर चिडून चौथं दुकान शोधणारी मीच असते.

तो तुझ्या सीईटीचा आठवडा होता. शेवटची गोळी संपल्यावर दुसऱ्याच दिवशी जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, थांबतच नव्हत्या. नाक-डोळे वाहायला लागले, अंगावर काटा आणि वरून घाम. जुलाब. सगळ्यात वाईट म्हणजे पाय. रात्रभर पाय हलवत राहावंसं वाटायचं, जसं काही हाडांत मुंग्या शिरल्यात. बाबांनी माझी डेंग्यूची तपासणी करून घेतली. तू शेजारच्या खोलीत गणितं सोडवत होतास, पाणी मागायला आलास तर मी तुझ्यावर ओरडले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, तुलाही आठवत असेल. तुला वाटलं माझा तुझ्यावर भरवसा नाही. तसं काहीही नव्हतं. ती मी नव्हते असं म्हणणार नाही, मीच होते. पण कारण तू नव्हतास.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले तर ते हसले. "अहो, ट्रॅमाडॉलचं कुठे व्यसन लागतं?" तेव्हा पुष्कळांचा तोच समज होता, सौम्य औषध म्हणून. मग एका मानसोपचारतज्ज्ञाकडे, बाबांना घेऊन. त्या बाईंनी उपदेश केला नाही. कागदावर आठ उभ्या रेघा मारल्या आणि म्हणाल्या, अचानक बंद करायचं नाही, दर आठवड्याला अर्धी गोळी कमी. आठाच्या वर गेला असतात तर फिट येण्याचा धोका आणखी वाढला असता, असंही सांगितलं. सोळा आठवडे. प्रत्येक वेळी त्यांची शिक्क्याची चिठ्ठी, आणि गोळ्या बाबांच्या कपाटात. शेवटची अर्धी गोळी गणपतीत घेतली. घरात तू नि बाबा आरत्या म्हणत होतात आणि मी मोदकांच्या उकडीत हात घालून रडत होते. तुला वाटलं, चटका बसला.

इथवर एकवेळ ठीक. माझं मी भोगलं, माझं मी निस्तरलं. खरं लिहायचंय ते यापुढचं.

२०२२ मध्ये आजीला डोंबिवलीहून आपल्याकडे आणलं तेव्हा तिचा कॅन्सर हाडांत उतरला होता. टाटामध्ये परळला दाखवलं. तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं कमी करून रुग्णाला आराम देणाऱ्या विभागातल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, रात्री झोपताना दोन म्हणजे मधे उठवायला नको. दिवसाला सहा, पंधरा दिवसांच्या नव्वद. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच. सगळं नीट समजावून सांगितलं. मी मान डोलावत होते, आणि पर्समधलं ते पाकीट मला विंचवासारखं वाटत होतं.

ज्या बाईचे पाय ट्रॅमाडॉल सुटताना तसे झाले होते, ती आपल्या आईला मॉर्फिन देणार? त्यात मोबाइलवर अमेरिकेतल्या बातम्या वाचून डोकं भरलेलं. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीने १९९६ पासून ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या गोळ्या कशा खपवल्या, २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कसा कबूल केला, गावंच्या गावं व्यसनात कशी बुडाली. मी आजीला सकाळी एक आणि संध्याकाळी एक द्यायचे. रात्री फारच कण्हायला लागली तर तिसरी. बाकी वेळी "देते हं, वेळ व्हायचीय अजून." आजी म्हणजे सोसण्यातच सगळा जन्म गेलेली बाई. ती घड्याळाकडे बघायची आणि गप्प पडायची. रोजचं स्तोत्र म्हणताना मध्येच थांबायची, श्वास धरून, मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, विसरतेय.

तू म्हणालास, "आई, दे ना तिला, दुखतंय तिला." मी म्हटलं, तुला काय कळतंय यातलं. तू त्या दिवशी जेवला नाहीस, आणि आपल्या दोघांत काहीतरी तुटलं ते आजही पूर्ण सांधलेलं नाही. मला माहीत आहे.

दहाव्या दिवशी तिथल्या डॉक्टर घरी आल्या. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल मुलगी. आजीला तपासलं, हात हातात घेऊन बराच वेळ बसली. मग मला बाहेर येऊन विचारलं, "ताई, गोळ्या किती उरल्या?" मी डबा आणून दिला. ती सोफ्यावर बसून मोजायला लागली. मला मोजायची गरज नव्हती, आकडा पाठ होता. तीस उरायला हव्या होत्या, चौसष्ट होत्या. चौतीस गोळ्या मी आईच्या तोंडून काढून डब्यात ठेवल्या होत्या.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी तिला माझी सगळी गोष्ट सांगितली, बाबा दूध आणायला गेले होते तेवढ्या वेळात. ती म्हणाली, तुमच्या शरीराला आणि मनाला जे झालं ते खरं आहे, पण हाडांचं दुखणं असलेल्या माणसाला वेळेवर मोजून दिलेलं मॉर्फिन ही गोष्ट वेगळी. शरीराला सवय होईल, म्हणून अचानक बंद करायचं नाही, एवढंच. पहिले दोन-तीन दिवस झोप येईल. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. आणि एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊकच नव्हती. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, त्यातूनच मॉर्फिन निघतं, आणि तरी १९८५ च्या त्याच एनडीपीएस कायद्याच्या धास्तीने वर्षानुवर्षं आपल्याच रुग्णालयांत ते मिळेना. २०१४ मध्ये कायदा बदलून वाट थोडी सोपी केली. लोक कुठून कुठून या गोळ्यांसाठी परळला येतात म्हणाली. आणि माझ्या घरात त्या टपरवेअरच्या डब्यात पडून होत्या.

त्या रात्रीपासून घड्याळ लावलं. चौथ्या दिवशी आजीने आल्याचा चहा मागितला, आणि मालिकेतल्या सुनेला नावं ठेवली. तू तेव्हा पुण्याला परत गेला होतास. तुला फोनवर सांगितलं, "बरी आहे ती आता." औषध बदललं असंही सांगितलं. औषध बदललं नव्हतं. त्यानंतर ती सहा आठवडे होती. ते सहा आठवडे तिचे चांगले गेले. आधीचे दहा दिवस मी कुठल्या खात्यात टाकू? रोज कॅश जुळल्याशिवाय घरी न येणारी मी, हे जुळत नाही.

ती गेल्यावर उरलेल्या गोळ्या घरी ठेवायच्या नाहीत असं आधीच सांगितलेलं होतं. तेराव्यानंतर स्लो लोकलने परळला जाऊन परत दिल्या. बावीस होत्या.

तर आता तुझं. लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, दुखणार. डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल पन्नासची पाच दिवस, दिवसातून दोन लिहून दिली आहे, म्हणजे दहा. घे. दुखत असताना दात-ओठ खाऊन बसू नकोस, फिजिओथेरपीच्या आधी तर नक्कीच घे, नाहीतर गुडघा वाकणार नाही. सोबत बिअर नाही, झोपेची गोळी नाही. पाच दिवसांनंतरही दुखलं तर मित्राच्या ओळखीच्या दुकानात जाऊ नकोस, डॉक्टरांकडे जा. आणि गुडघा शांत आहे, पण ऑफिसचा मेल वाचून गोळीची आठवण आली, असं एकदा जरी झालं तर मला फोन कर. रात्री दोन वाजता कर. मी "मस्त वाटणं" ओळखते.

डिंकाचे लाडू कुरिअरने पाठवलेत, परवा मिळतील.

बाबांना २०१८ चं सगळं माहीत आहे. चौसष्टचं माहीत नाही. ते मी सांगेन, तू सांगू नकोस.

तुझी,
आई