आप्पांच्या पद्मिनीविषयी बंडूस पत्र

मुलुंड,
२४ मे २०२४

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राचे उत्तर मी मे महिना संपत आल्यावर लिहीत आहे, याची मला लाज वाटते. माईचा गुडघा बरा आहे, माझी साखर आटोक्यात आहे, घरी सर्व क्षेम. आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो, कारण त्याचा अर्थ पुरता कळेल असा माणूस तू एकटाच आहेस. गेल्या रविवारी माझ्या हातून आप्पांची गाडी, ती प्रीमिअर पद्मिनी, वाकली.

ती कुठे धडकली नाही. ती गॅरेजमध्ये जागच्या जागी उभी होती आणि माझ्या हातात ग्राइंडर होता.

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या पत्र्याच्या गॅरेजात जाऊन गाडीवरची ताडपत्री काढली. तेव्हापासून प्रत्येक शनिवार-रविवार तिच्याजवळ गेला आहे. इंजिनाने मला मुळीच छळले नाही. १०८९ सीसीचे ते साधे, सोशिक यंत्र; सिलिंडरांत तेल सोडून आठवडाभर मुरू दिले आणि मग हाताने फिरवले, तर फिरले. कार्ब्युरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, टाकीतला गंजाचा गाळ काढला. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात हिंडून मिळवले. लहान गंजके भाग मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लोखंडाच्या जुन्या पट्टीसमोर टांगून बॅटरीच्या चार्जरवर लावतो. रात्रभरात गंज सुटून खालचा काळा पत्रा दिसू लागतो. हायड्रोजन निघतो म्हणून बादली अंगणात ठेवावी लागते, आणि समोरच्या काकू रोज विचारतात की त्या बादलीत मी नेमके काय शिजवतो. इमारतीतली मुले गाडीला डुक्कर फियाट म्हणतात. ते नाव त्याआधीच्या गोलमटोल मॉडेलचे, हे मी तुझ्याच आवेशाने त्यांना दोनदा समजावले आहे.

फेब्रुवारीत मी डाव्या बाजूच्या दारांखाली चुंबक फिरवला. तो पुढच्या चाकापासून मधल्या खांबापर्यंत कुठेच चिकटला नाही. रंग खरवडला तर खाली पुट्टी, तिच्याखाली आणखी पुट्टी, आणि तिच्यामागे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. दारांखालची ती पोकळ पेटी, जिला आपले कारागीर रनिंग बोर्ड म्हणतात, आतून भुगा झाली होती. त्या भुग्यातून वाळलेला करडा गाळ माझ्या तळहातावर पडला. तो कुठला, हे तुला सांगायला नको.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपण दोघे लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यात कमरेएवढ्या पाण्यात गाडी ढकलत होतो. प्रीमिअरच्या ज्या कारखान्यात ती जन्मली, त्याच्याच आसपास ती बुडाली. ‘गाडी पोहते आहे आणि आपण चालतो आहोत, तेव्हा भाडे तिनेच द्यावे,’ हे तुझे वाक्य माई अजून पाहुण्यांना सांगते.

पाणी ओसरल्यावर तू मला काय सांगितले होतेस, ते मला शब्दशः आठवते. तळाची रबरी बुचे काढ, गालिचे फेकून दे, रनिंग बोर्डांत नळी घालून गोड्या पाण्याने आतला गाळ धुऊन काढ, आणि निदान पंधरा दिवस गाडी उघडी वाळू दे. मला मात्र गणपतीआधी ती रस्त्यावर हवी होती, कारण आप्पांनी अंथरूण धरले होते आणि ते रोज गाडीचे विचारीत होते. मी वरून धुतली, रंगाऱ्याकडून पुट्टी भरून घेतली आणि तुला म्हणालो की फिटर असलास तरी माझ्या घरातला वडीलधारा तू नाहीस. त्यावर तू दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. बंडू, तुझे खरे होते. गाळ आत ओल धरून बसला आणि आपल्या खाऱ्या हवेत एकोणीस वर्षे पत्रा आतून खात राहिला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड आले; आणि मी दर दोन वर्षांनी त्या फोडांवर पुन्हा पुट्टी भरवत गेलो. आप्पांसाठी घाई केली असे मी इतकी वर्षे मनाशी म्हणत आलो. पण आप्पा गेल्यानंतर कसली घाई होती?

आता रविवारचे सांगतो. पेट्रोलची टाकी आधीच काढली होती आणि बॅटरीही सोडवली होती. गाडी पुढून आणि मागच्या अॅक्सलखाली अशी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, चढवली होती, मधे आधार काहीच नव्हता. या गाडीला खाली वेगळी चौकट नाही, तळ, रनिंग बोर्ड, खांब आणि छत हीच तिची हाडे आहेत, हे तू मला शंभरदा सांगितले आहेस. दारांच्या चौकटीत तिरके अँगल जोडल्याशिवाय रनिंग बोर्ड कापायचा नाही, हेही मला माहीत होते. पण वाटले की आज फक्त सडलेला भाग उघडावा. सडलेला भाग कापता कापता चांगला पत्रा कधी लागेल याची वाट पाहत मी हातभर पुढे गेलो, आणि तो लागला तेव्हा गाडीतून एक बारीक ‘टक्’ असा आवाज आला.

मी ग्राइंडर बंद करून डावीकडचे पुढचे दार लावून पाहिले. ते लागले नाही. वरची फट इतकी मिटली आहे की तिच्यात पोस्टकार्ड जात नाही, आणि खाली माझे बोट जाते. उजव्या बाजूचे दार अजून तसेच ‘खट्’ करून लागते. त्या आवाजावरून आप्पा घरात आल्याचे आम्हाला कळायचे. मी बराच वेळ नुसते उजवे दार उघडून लावत बसलो.

बिजागरीच्या बोल्टापासून कुलपाच्या खिट्टीपर्यंतचे तिरके माप दोन्ही बाजूंना घेतले. डावीकडे सात मिलिमीटरचा फरक आहे. छताच्या कोपऱ्यात रंगाला तडा नाही आणि पुढची काच शाबूत आहे, म्हणून आशा आहे की पत्रा मुरगळलेला नसून नुसता लवला आहे. डेंटिंगवाला येऊन पाहून गेला. तो म्हणतो की आहे त्याच स्थितीत वरून पट्टी जोडू, बिजागरी सरकवू आणि दाराची कड थोडी ठोकून घेऊ, कोणाला कळणारही नाही. मी त्याला नाही म्हटले. वरून झाकण्याचे काम या गाडीवर मी एकदा करून चुकलो आहे.

माझा विचार असा आहे. मधल्या खांबाच्या बुडाशी सागाची फळी ठेवून खाली बाटली-जॅक लावायचा, पाव-पाव फेरा वर घ्यायचा आणि प्रत्येक वेळी फट मोजायची. दोन्ही तिरकी मापे जुळली की दारांच्या चौकटीत अँगल जोडून ती जागच्या जागी धरायची. मग १८ गेजचा साधा पत्रा वाकवून नवी पेटी करायची, जस्ताचा नको, वेल्डिंगला त्याचा धूर वाईट. आधी टाके मारायचे, नंतर एकदा इकडे नि एकदा तिकडे असे इंच-इंच सीओटू वेल्डिंग करायचे, म्हणजे उष्णतेने पुन्हा ताण पडणार नाही. पाणी निघायची भोके ठेवायची, आत रेड ऑक्साइड आणि त्यावर तेल सोडायचे.

हे सगळे मला कागदावर येते. पण जॅकचा पाव फेरा आणि अर्धा फेरा यांतला फरक माझ्या हाताला कळत नाही, तुझ्या हाताला कळतो. एकट्याने जॅक लावायचे धैर्य मला होत नाही. त्यातच पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे. उघडा कापलेला पत्रा या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. मी रोज सकाळी तेलाचा बोळा फिरवतो आणि संध्याकाळी पुन्हा रंग बदललेला दिसतो.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले, हे ताईकडून कळले. धाकटीला पुण्यातच नोकरी लागली, फार आनंद झाला. तिला माझे आशीर्वाद सांग. तुझ्या छपराचे काम झाले का, तेही कळव.

पुढच्या शुक्रवारी येऊ शकशील का? सकाळच्या गाडीने ठाण्याला उतर, मी घ्यायला येईन. तुझी लोखंडी लांब पट्टी आणि पाणसळ घेऊन ये. माझी पाणसळ मी फरशीवर तपासली, ती दोन्ही बाजूंनी वेगवेगळे दाखवते. तोवर मी मधे दोन घोड्या नुसत्या टेकवून ठेवल्या आहेत, वर उचललेले काही नाही, आणि ग्राइंडर माईच्या कपाटात बंद आहे.

तुझा,
बाळ्या