अकरा बागा आणि चार चिठ्ठ्या

नाशिक, रविवार

प्रिय बंड्या,

बागांचे सगळे क्रम काढणारा तुझा प्रोग्राम दहा बागांपर्यंत नीट चालतो आणि अकरावी टाकली की लॅपटॉप हँग होतो, हे वाचून मला गेला द्राक्षहंगाम आठवला. दिंडोरीकडे टेम्पो कुठल्या क्रमाने फिरवायचा यासाठी मीही पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हेच केलं होतं: एक बाग बाजूला काढायची, उरलेल्यांचे क्रम त्याच फंक्शनकडून मागायचे, सगळं लिस्टमध्ये भरायचं. दिसायला देखणं. पण अकराचे क्रम होतात ३,९९,१६,८००. प्रत्येकी शंभर बाइट धरले तरी चार जीबी! तुझं गणित बरोबर आहे रे, साठवण नडते.

साठवूच नकोस. हातातल्या क्रमावरून पुढचा काढ, वापर आणि सोडून दे. ही रीत गणिती नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’त दिली आहे. आज सकाळी चहा घेताना मी चार चिठ्ठ्या मांडल्या: १ ३ ४ २. उजवीकडून डावीकडे ये. आपल्या उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असा पहिला आकडा? ३. त्याच्या उजवीकडचा, त्याहून मोठा पण त्यातला सर्वांत लहान? ४. अदलाबदल कर: १ ४ ३ २. आता ४ च्या पुढची शेपटी उलटी कर: १ ४ २ ३. झाला पुढचा क्रम! असा लहान आकडा सापडेनासा झाला की थांबायचं. फंक्शनमध्ये रिटर्नऐवजी यील्ड लिही, म्हणजे एका वेळी एकच क्रम बाहेर येईल. एकाच गावाला दोनदा जायचं असेल तर त्याला दोन्हीकडे एकच आकडा दे. तोच क्रम पुन्हा येत नाही. पायथनचं तयार परम्युटेशन्स फंक्शन मात्र तोच आकडा जागेवरून वेगळा धरतं, तिथे तो क्रम दोनदा येतो.

चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख पाहायला गेलो होतो, आठवतंय? त्याच आजोबांनी ‘लीलावती’त विचारलंय, शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं बदलत गेलो तर रूपं किती? ३६,२८,८००. तुझ्या दहा बागांचा हाच आकडा! मला हे फार आवडतं.

एक सांगून ठेवतो, पंधरा बागांना हेही पुरणार नाही. सेकंदाला दहा लाख क्रम तपासले तरी पंधरा दिवस लागतील. तिथे बागा एकेक जोडत जा, आणि अर्ध्यातच रस्ता आधीच्या सर्वांत छोट्या फेरीहून लांब झाला की तिथूनच मागे फिर.

आधी अकरावर चालव. मेमरी किती खाल्ली ते कळव.

तुझा,
अण्णा