न सांगता केलं, रागावू नका

ती. आई-बाबांस सा. न.

काल चिकूच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी केली. तो उत्तम आहे, आत्ता वरण-भात खाऊन झोपलाय. तुम्हाला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर आई, तू रात्रभर देवापुढे बसली असतीस, आणि बाबा छाटणी टाकून पहिल्या एसटीने निफाडहून निघाले असते. त्यात त्यांचं बीपी.

चार महिने शीतून लाल रक्त, पोट मात्र दुखत नव्हतं. उष्णता म्हणून तू सब्जा, गुलकंद दिलास. तुझं काही चुकलं नाही गं, मीही तेच समजत होते. पण हिमोग्लोबिन ९ वर आलं आणि माझा धीर सुटला. डॉक्टर म्हणाले, या वयात असं न दुखता रक्त जातं ते बरेचदा आतड्यातल्या पॉलिपमुळे, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेल्या मांसल गाठीमुळे. दुर्बिणीतून बघायचं आणि तिथल्या तिथे काढायचं. चिरा नाही, टाका नाही.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाजणं हेच खरं युद्ध. शेवटी तुझं पितळी फुलपात्र काढलं, त्यातून घोट घोट प्यायला शहाणा. भूल दिली होती, त्याला काही कळलं नाही. नंतर फोटो दाखवला: लालबुंद, देठाला लटकलेला, आपल्या बागेतल्या द्राक्षाच्या मण्याएवढा. देठाला तारेचा फास टाकून, करंट देऊन कापला. तपासायला पाठवलाय, पण घाबरू नका. मुलांमधला असा एकटा पॉलिप बहुतेक साधाच निघतो.

बाबा, तुम्ही अंगणात बाटलीला भोक पाडून पाण्याच्या धारेतून टॉर्चचा उजेड वाकवून दाखवायचात. दाराबाहेर बसले होते तेव्हा तीच धार डोळ्यांसमोर होती. दुर्बिणीत उजेड तसाच काचेच्या तंतूंतून वळणं घेत जातो. आपल्या पंजाबातल्या मोग्याच्या नरिंदरसिंग कपानींनी १९५४ साली लंडनमध्ये शास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्यासोबत अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं, आणि १९५७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर हिर्शोविट्झ यांनी पोट बघायची अशा तंतूंची पहिली लवचिक दुर्बीण वापरली. तुमच्या शाळेत हे सांगा, पोरं कान टवकारतील.

रविवारी या. पुढची खोली आवरून ठेवलीय, बाबांना कडक उशी काढलीय, गिझर दुरुस्त झालाय. मोटारसायकलवर मात्र यायचं नाही. गोळ्या पिशवीत वर ठेवा, मागच्या वेळी विसरलात. आई, वणीचा नवस बोलली असशीलच. चैत्रात सगळे मिळून फेडू, पण पायऱ्या चढायच्या नाहीत, ट्रॉलीनेच जायचं. आणि सोमवारचा उपास यावेळी सोड, चक्कर येते तुला.

चिकू उठला की आधी तुम्हालाच फोन लावते.

तुमची,
बेबी