सुधाकरास पत्र : नायजर की निळ्या गळ्याचा?

एडिसन, न्यू जर्सी
८ फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरात तू मंगळुरूच्या बंदरातून पाठवलेल्या छायाचित्राला मी आजतागायत उत्तर दिलेले नाही. त्याबद्दल तू मनात काय म्हटले असशील ते मला ठाऊक आहे, आणि वहिनींसमोर काय म्हटले असशील तेही. सबब सांगत नाही, कारण सांगण्याजोगी नाही. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी एकाची दीड झाली आणि गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढ्यावर तो विषय संपवतो. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे, आणि ते इथल्या कोणालाही सांगून उपयोग नाही.

गेल्या शनिवारी मी नेहमीच्या दुकानात मीठ आणायला गेलो होतो. समुद्राच्या पाण्यासाठीचे मीठ, वीस किलोची बादली. मीनलच्या मते आमच्या घरात स्वयंपाकाला लागते त्याच्या कितीतरी पट मीठ माशांना लागते, आणि हिशेब केला तर ते खोटे नाही. तिथे मधल्या ओळीतल्या एका काचेत तुझ्या छायाचित्रातला मासा पोहत होता. ओडोनस नायजर, ट्रिगर माशांतला. तू पाठवलेल्या छायाचित्रातल्या ढिगात तो कोळशासारखा काळा दिसत होता आणि बाजूला टेम्पो उभा होता. इथे तो निळा होता, कडेला जांभळा, आणि डोक्यावर दिव्याखाली हिरवट झाक मारणारा. शेपटीची दोन्ही टोके लांब निघालेली, आणि पाठीवरचा व पोटाखालचा असे दोनच पर एकदम डावीउजवीकडे झुलवत तो शरीर जराही न हलवता पुढे सरकत होता. या माशाला नायजर, म्हणजे लॅटिनात ‘काळा’, असे नाव ज्याने दिले, त्याने तो तुझ्यासारखा धक्क्यावरच पाहिला असणार, अशी माझी शंका आहे. काचेवर चिठ्ठी होती : ७९ डॉलर.

तू लिहिले होतेस, ‘सगळा माल मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात चालला आहे.’ म्हणजे त्याची भुकटी होणार, भुकटीचे खाद्य होणार, आणि ते खाद्य तुझ्या तळ्यातली कोळंबी खाणार. इकडे मी तोच मासा ७९ डॉलर मोजून घरी आणायला निघालो आहे, आणि माझी सगळी काळजी अशी की तो माझी कोळंबी खाईल. दुकानात उभ्या उभ्या हे लक्षात आले आणि मी एकटाच हसू लागलो. काउंटरवरच्या मुलाने विचारले, काय झाले? आता त्याला मंगळुरू, तुझी तळी आणि आपण दोघे हे सगळे कुठून समजावून सांगणार?

टाकीत जागा का झाली ते सांगतो. आमचा पिवळा टँग डिसेंबरात गेला, नऊ वर्षांचा होऊन. त्याच्याविषयी जास्त लिहीत नाही. टाकी तीच आहे, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे १८० गॅलन किंवा सुमारे ६८० लिटर. आत हॅमर नावाचे आणि आणखी काही कठीण प्रवाळ आहेत, क्लाउन माशांची जोडी आहे, शंखात राहणारे खेकडे आणि गोगलगाई आहेत, आणि लाल पाठीवर पांढरी रेघ असलेल्या त्या दोन सफाईवाल्या कोळंब्या आहेत, ज्या मी पाण्यात हात घातला की माझी नखे साफ करायला येतात. प्रश्न या दोघींचा आहे. ट्रिगर आणायचा हे मनाने केव्हाच घेतले आहे. आता कोणता, एवढेच ठरत नाही, आणि त्यापायी आठवडाभर माझी झोप नीट होत नाही. हसू नकोस.

घरात मतभेद आहेत. मीनलला हवा आहे तो क्लाउन ट्रिगर, पोटावर मोठे पांढरे ठिपके आणि ओठ नारिंगी, जणू लिपस्टिक लावून लग्नाला निघालेला. मुलाला हवा आहे तो पिकासो, कारण त्याच्याच जवळचा एक भाऊबंद हवाईचा राज्यमासा आहे आणि त्याचे तिथले नाव आहे हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ, जे मुलाला एका दमात म्हणता येते आणि तो ते जेवताना म्हणतो. दोघांनाही मी सरांच्या वर्गातली ती एकच गोष्ट सांगितली, जी तुझ्या वहीतून उतरवून मी पास झालो होतो : माशाचे तोंड पाहा, म्हणजे त्याचे ताट कळेल. क्लाउनचा आणि पिकासोचा जबडा तळातले फोडून खाण्यासाठी आहे. खेकडा, गोगलगाय, समुद्री साळिंदर, काहीही. समुद्रात हे लोक तोंडाने पाण्याची पिचकारी मारून साळिंदराला उलटे पाडतात आणि काटे नसलेल्या बाजूने खातात. अशा माणसाला, माशाला म्हणायचे होते, प्रवाळांच्या टाकीत आणणे म्हणजे काचेच्या दुकानात वळू सोडणे. उलट नायजरची हनुवटी पुढे आलेली आणि तोंड वर वळलेले आहे, कारण तो वाहत्या पाण्यातले प्लवंग, म्हणजे तरंगते बारीक जीव, टिपून खातो. तसेच तोंड ट्रिगरांपैकीच झँथिक्थिस या वंशातल्या माशांचे. त्यातला निळ्या गळ्याचा, म्हणजे ऑरोमार्जिनॅटस, हा माझा दुसरा उमेदवार आहे. नराच्या गळ्याखाली निळा डाग आणि परांना पिवळी किनार असते; मादी साधी, करडी असते. दोघांची जोडी एका टाकीत नांदते, हे ट्रिगरांच्या जातीत अप्रूपच समजायचे. त्याच वंशातला क्रॉसहॅच दिसायला या सर्वांहून देखणा आहे, पण त्याची किंमत मीनलला कळली तर टाकीत मासा राहील आणि घराबाहेर मी.

म्हणजे कागदावर उत्तर सरळ आहे. निळ्या गळ्याचा मासा वीत-सव्वा वीतभर होऊन थांबतो, स्वभावाने गरीब आहे, आणि कोळंबीला सहसा हात लावत नाही. नायजर समुद्रात दीड फुटापर्यंत वाढतो. टाकीत तितका नाही वाढला तरी फूटभर होईलच. तो दगड उचलून इकडचे तिकडे ठेवतो, आपल्या बिळाची डागडुजी करतो आणि त्यात माझा हॅमर खाली पडला तर त्याला सोयरसुतक नाही. दोघांनाही दिवसातून दोन-तीनदा खायला घालावे लागते, दात सतत वाढत असल्याने कवचासकट शिंपले द्यावे लागतात, आणि जितके खाणे जास्त तितके नायट्रेट जास्त, म्हणजे प्रवाळांची पंचाईत. शिवाय निळ्या गळ्याचा उडी मारतो. रात्री दिवा अचानक लागला की सरळ टाकीबाहेर, आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. त्याला जाळीचे झाकण हवेच.

हे सगळे मला पाठ असून मी वीस डॉलर देऊन राखून ठेवला तो नायजर. आता तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर येतो आहे.

आपल्या मत्स्य महाविद्यालयाच्या शिरगावच्या वसतिगृहातली टाकी आठव. पैसे निम्मे माझे, निम्मे तुझे, काच बंड्याच्या मामाकडची, आणि गळती दोघांची. माझे चार एंजल त्यात सुखाने राहत असताना तू क्रॉफर्ड मार्केटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन बोटे लांबीचा ऑस्कर घेऊन आलास आणि म्हणालास, ‘एवढासा तर आहे.’ चार महिन्यांत एंजल चारावरून शून्यावर आले. अकरा दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. मेसमध्ये मीठ हवे असले तरी बंड्यामार्फत मागायचो. तू तेव्हा जे म्हणाला होतास ते मी तीस वर्षे विसरलो नाही : ‘त्याने खाल्ले ते त्याच्या तोंडात मावले म्हणून. टाकी तीन फुटांची आहे हे आपल्याला आधी दिसत नव्हते का?’ तेव्हा मला तो कोडगेपणा वाटला. आता सहा फुटांच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसतो तेव्हा वाटते की तुझे बरोबर होते, पण एंजल माझे होते, त्यामुळे पूर्ण बरोबर नव्हते.

माझी योजना ऐक आणि त्यात कुठे भोक आहे ते सांग. मासा लहान, चार बोटांचाच घ्यायचा. आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघाला तर तांब्याचे औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही; कोळंबी आणि गोगलगाई त्यात मरतात. मग सगळ्यात शेवटी मोठ्या टाकीत सोडायचा, म्हणजे तिथे आधीपासून असलेल्यांना तो त्या घराचे रहिवासी समजेल. कोळंबी नंतर आणली तर ती पाण्यातून तरंगत खाली येताना त्याला ताटच वाटते. आधीपासून दगडावर बसलेली असली तर निदान शंकेचा फायदा मिळतो. पोट भरलेले ठेवायचे. हे सर्व करूनही एखाद्या सकाळी एकच कोळंबी दिसली, तर मी काय करणार आहे? सहाशे लिटर पाण्यातून आणि इतक्या दगडांतून त्याला परत पकडणे म्हणजे सगळी टाकी उपसणे. या प्रश्नापाशी मी रोज रात्री येऊन थांबतो.

तुझ्या तळ्यांवर पुन्हा कोळंबीवरचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला होता असे बंड्याकडून कळले. किती नुकसान झाले आणि विमा होता की नाही, ते लिही. काकूंचे दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? अनघाच्या प्रवेशाचे काय ठरले? तिला मात्र मत्स्यशास्त्राला पाठवू नकोस, असे मी म्हणणार नाही; म्हणण्याचा अधिकार मी पदवी घेऊन संगणकाकडे पळालो त्या दिवशीच गमावला.

खरे सांगायचे तर मला निळ्या गळ्याचाच घ्यायला हवा, हे तूही म्हणशील. पण तुझ्या छायाचित्रातल्या ढिगात एक मासा बाजूला पडला होता, पाठीवरचा काटा ताठ उभा असलेला. ते पाहून मला मिरकरवाडा बंदर आठवले. टाकाऊ मासळीतून करड्या रंगाचा एक ट्रिगर उचलून तू म्हणाला होतास, ‘हा काटा खाली करून दाखव, रात्रीचे ऑम्लेट माझ्याकडून.’ मी अंगठ्यातून रक्त येईपर्यंत दाबला, काटा हलला नाही. मग तू मागचा तो एवढासा दुसरा काटा नखाने दाबलास आणि पुढचा काटा छत्रीसारखा मिटला. बंदुकीचा चाप म्हणून ट्रिगर, हे मला त्या दिवशी कळले. ऑम्लेटचे पैसेही शेवटी मीच दिले होते.

शनिवारपर्यंत मुदत आहे, म्हणून हे पत्र टपालाने न धाडता मेलने पाठवतो आहे. हो किंवा नाही, एवढेच लिहिलेस तरी चालेल. शिव्या सवडीने पाठव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत

ता. क. : काल संध्याकाळी पुन्हा दुकानात जाऊन आलो. नायजर दिसला नाही. शेवटी कोपऱ्यातल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीच्या तोंडाशी शेपटीची दोन टोके बाहेर आलेली दिसली. स्वारी आत शिरून झोपली होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘थांबा, ओढून दाखवतो.’ मी म्हटले, नको, त्याने आत काटा लावलेला असेल. मुलाने नळी हलकेच उचलून वाकडी करून पाहिली. मासा हलला नाही. बाहेर येताना मी जाळीच्या झाकणाची किंमतही विचारून ठेवली आहे, सहा फुटी.