ऑक्टोबरची तुकडी: जपानला निघण्यापूर्वी

सर्व सभासदांस,

ऑक्टोबर सत्रासाठी जपानच्या भाषाशाळेत जाणाऱ्यांची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या वर्गात आहे. पासपोर्ट, सीओई (व्हिसासाठी लागणारे जपानचे पात्रता प्रमाणपत्र) आणि दोन्हींच्या झेरॉक्स आणाव्यात.

सीओई दिल्या तारखेपासून ३ महिनेच चालते आणि त्या मुदतीत जपानमध्ये दाखल व्हावे लागते. महाराष्ट्रातले व्हिसा अर्ज मुंबईच्या वकिलातीच्या अखत्यारीत येतात. सीओईवरील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळते का, हे आजच पाहा. चूक असल्यास शाळेला लगेच कळवा. व्हिसा अर्जानंतर निस्तरणे फार जड जाते.

औषधांबाबत कृपया हयगय नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एका महिन्यापुरतीच न्यावीत, चिठ्ठी इंग्रजीत घ्यावी. त्याहून जास्त हवी असल्यास आधी परवाना काढावा लागतो. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून अधिक असेल तर ती तिथे बेकायदा आहे, म्हणून अशा गोळ्या घरीच ठेवा. मटणाचे लोणचे, सुकट घातलेले मसाले असे काही आईने दिले तर आधी यादी दाखवा. मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात.

- वीज १०० व्होल्ट: इथला इलेक्ट्रिक कुकर तिथे धड तापत नाही. चार्जरवर १००–२४० लिहिलेले असेल तर फक्त चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर पुरे.
- अर्धवेळ कामाचा परवाना अर्ज तिथल्या विमानतळावरच द्या. सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला २८ तास.
- राहायची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत नगरकार्यालयात पत्ता नोंदवा, आरोग्य विमाही तिथेच.

येणे जमत नसेल तर शनिवारपर्यंत गटावर कळवा.