प्रेरणा विचारता, पगारही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की ‘ऊसतोड कामगाराच्या लेकीची भरारी’ अशी बातमी हमखास येते. हातात पेढ्याचा पुडा, शेजारी आई, आणि खाली वाक्य ठरलेलं: समाजाची सेवा करायची आहे. मीही तशाच घरातली, शिरूर कासार तालुक्यातली. माझ्याआधी घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. सध्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पण सेवा करायला म्हणून इकडे आले, असं काही मला म्हणवत नाही.

माझे आईवडील म्हणजे एक कोयता; ऊसतोडीत नवराबायकोची जोडी अशीच मोजतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर निघायचं, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतायचं. आजारपणात एक दिवस गेला तरी खाडा कापतात, म्हणून आई ओटीपोटातलं दुखणं अंगावर काढत मोळ्या बांधायची. गावी आल्यावर एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. आमच्या भागात हे कोणाला नवं नाही. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली तेव्हा झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

आईची वाचली ती एका सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक मॅडममुळे. त्यांनी काही फार थोर केलं नाही. आईने कॅरिबॅगमधून आणलेले सोनोग्राफीचे कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावले, “मावशी, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला जसं समजलं तसं सांगा” म्हणाल्या, आणि आईचं बोलून होईपर्यंत वाजणारा फोन उचलला नाही. मग स्वतः उठून स्त्रीरोग विभागात घेऊन गेल्या. तिथे जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांवर भागलं. मी तेव्हा बारावीत होते. कुणाला काय विचारायचं, कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, हे ठाऊक असलेलं माणूस सरकार पगारावर नेमतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर आमच्या घरात असं माणूस म्हणजे फक्त मुकादम.

आणि हो, पगार मलाही हवा आहे. उचल फिटायची आहे, धाकट्याचं शिक्षण राहिलंय. वडील म्हणतात, पोलीस भरती दे. समाजकार्य शिकते म्हटलं की गावातले विचारतात, जिल्हा परिषदेला उभी राहणार का? मी हसून सोडून देते, पण त्यांचं तरी काय चुकलं? समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था मुंबईत १९३६ मध्ये निघाली, आणि आमच्या आधीच्या बॅचच्या मुली अजून ११ महिन्यांच्या करारावर राबताहेत. पगाराचं विचारलं तर ‘आवड असेल तर या’ असं ऐकून घेतात.

शिकतानाचे हाल वेगळेच. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. वस्ती, शाळा, रुग्णालय, जिथे नेमतील तिथे. त्याला गुण आहेत, पण जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शेअर रिक्षात नाही. शिष्यवृत्ती खात्यावर पडेपर्यंत परीक्षा उलटून जाते. वर्गातल्या दोघींनी यंदा रात्रीचा डबा बंद करून रिक्षाचे पैसे काढले. एमबीबीएसच्या इंटर्नना विद्यावेतन मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. आम्हाला निदान प्रवासभत्ता द्यायला कोणाची हरकत असावी? घरून पैसे येतात त्यांचं निभतं. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलेली पोरगी मात्र पहिल्या सत्रातच घरी परतते.

दुसरी मागणी अशी, की हंगामात कारखान्यांच्या तळांवर आमची भत्त्यासह नेमणूक व्हावी. बायकांचे दवाखान्याचे कागद वाचून द्यायला, मुलांची नावं तिथल्या शाळेत घालायला तिथे माणूस लागतं. ऑक्टोबरअखेर टोळ्या हलायला लागतात. ठरवायचं तर त्याआधी ठरवावं.

— एमएसडब्ल्यूची एक विद्यार्थिनी, जि. बीड